'फोर्टनाइट' म्हणजे नेमके किती दिवस?

प्रश्न : शब्दकोशांत 'फोर्टनाइट'ला 'पंधरवडा' दिलेला असतो. मग दिवस १४ धरायचे की १५? आणि त्यातल्या 'फोर्ट'चा किल्ल्याशी काही संबंध आहे का?

– किल्ल्याशी काहीही संबंध नाही. मूळ शब्दप्रयोग 'चौदा रात्री' या अर्थाचा. 'फोर्टीन' आणि 'नाइट' बोलता बोलता एकजीव झाले. काळ रात्रींनी मोजायची जर्मानिक टोळ्यांची रीत रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. ९८च्या सुमारास 'जर्मानिया' या ग्रंथात नोंदवली आहे. फोर्टनाइटचाच जोडीदार 'सेनाइट', म्हणजे सात रात्री, आठवडा. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधल्या चेटकिणीच्या तोंडी तो आहे, पण आज वापरातून गेला. फोर्टनाइट ब्रिटनमध्ये रोजच्या बोलण्यात आहे. अमेरिकेत मात्र तो जुनाट वाटतो, तिथे 'टू वीक्स' म्हणतात.

– मोजणीबद्दल : आपण सोमवारी 'आठ दिवसांनी ये' म्हणतो तेव्हा पुढचा सोमवारच मनात असतो, कारण दोन्ही टोकांचे वार धरलेले असतात. 'पंधरा दिवसांनी'चंही तेच, प्रत्यक्ष अंतर १४. वेल्शमध्ये तर आठवड्याचा शब्द 'आठ रात्री' आणि फोर्टनाइटचा 'पंधरा रात्री' असाच घडलाय! म्हणून बोलण्यातल्या फोर्टनाइटला 'पंधरा दिवस' अगदी चोख बसतं. 'पंधरवडा' जपून वापरा. पितृपंधरवडा हा पक्ष आहे, तिथी १५. पण चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा असल्याने तिथीचा क्षय किंवा वृद्धी होते आणि दिवस कमीजास्त भरतात.

– 'मंडे फोर्टनाइट' हा ब्रिटिश प्रयोग हमखास चुकतो. दोन आठवडे आजपासून नाही, येत्या सोमवारपासून मोजायचे. आज बुधवार ५ तारीख असेल तर येता सोमवार १० आणि 'मंडे फोर्टनाइट' २४ तारखेला.

– पगाराचा हिशेबही सांगतो, ऑस्ट्रेलियात गेलेल्यांना उपयोगी पडेल. तिथे फोर्टनाइटली पगार सर्रास असतो, म्हणजे वर्षाला २६ हप्ते. महिन्यातून दोनदा म्हणजे २४. वार्षिक ७८,००० डॉलर असतील तर करापूर्वीचा हप्ता ३,००० येतो; २४ने भागलं तर ३,२५० दिसतो आणि घरभाड्याचं गणित चुकतं.

– कायद्याचं भाषांतर करणाऱ्यांनी आधी व्याख्येचं कलम उघडावं. रिझर्व्ह बँक कायदा, १९३४च्या कलम ४२मध्ये पूर्वी फोर्टनाइट म्हणजे शनिवारपासून त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंतचा काळ, दोन्ही दिवस धरून. सरळ १४ दिवस. २०२५च्या बँकिंग कायदे सुधारणेने ही व्याख्या बदलली : १ ते १५ तारीख, आणि १६ ते महिनाअखेर. त्यामुळे फेब्रुवारीचा उत्तरार्ध एरवी १३ दिवसांचा, तर ३१ दिवसांच्या महिन्यात तोच १६ दिवसांचा. इथे 'चौदा दिवस' लिहिलंत तर आता ते चूकच ठरेल. 'पंधरवडा' लिहा आणि पहिल्याच वापरात तारखा द्या.