कांचीपुरमला दीड दिवस: देवळं आणि लग्नाच्या साड्या

ए-१०३: नमस्कार मंडळी. पुतणीचं लग्न ठरलंय. आम्ही दोघी जावा पुढच्या महिन्यात चेन्नईला जाऊन तिथून कांचीपुरमला जाणार आहोत. हातात दीड दिवस. देवळं बघायचीत आणि तीन साड्या घ्यायच्यात. आपल्या सोसायटीत कुणी जाऊन आलंय का?

बी-४०२: आम्ही गेलो होतो. ड्रायव्हरने थेट एका दुकानात नेऊन उभं केलं. घाईघाईत साडी घेतली आणि घरी आल्यावर कळलं की यंत्रमागाची आहे. पैसे हातमागाचे दिले. अजून जिवाला लागून आहे.

सी-२०१: ताई, पहिल्या दिवशी दुकानाचं नावच काढू नका. सकाळी लवकर कैलासनाथाला जा. आठव्या शतकाच्या सुरुवातीचं, पल्लव राजा राजसिंहाच्या काळातलं देऊळ. वालुकाश्माचं आहे आणि गर्दी जवळजवळ नसते. अंगणाभोवती छोट्या छोट्या देवळ्यांची रांग आहे. काहींमध्ये जुन्या रंगचित्रांचे तुकडे अजून टिकलेत. गाभाऱ्याच्या प्रदक्षिणेच्या वाटेत अक्षरशः रांगत शिरावं लागतं. गुडघे दुखत असतील तर बाहेरूनच नमस्कार करा.

डी-३०४: काकू, चालुक्यांचा शिलालेख तिथेच ना?

सी-२०१: हो, तिथेच. चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याने कांची जिंकली, पण देवळाची संपत्ती देवळालाच परत दिली. तसं कन्नडमध्ये खांबावर कोरून ठेवलंय. त्याच्या राणीने कर्नाटकात पट्टदकलला विरूपाक्षाचं देऊळ बांधलं, त्याच्यावर या कैलासनाथाची छाप आहे. आणि पट्टदकलची छाप आपल्या वेरूळच्या कैलासावर. वेरूळ पाहिलेल्या माणसाला इथे ओळखीचं काहीतरी भेटतं. मला तर तिथून निघावंसंच वाटेना.

ए-१०३: अरे वा! मग एकांबरेश्वर, कामाक्षी, वरदराज?

सी-२०१: मोठी देवळं दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात ती चारनंतर उघडतात. एकांबरेश्वर पृथ्वीलिंग आहे, म्हणजे मातीचं लिंग, म्हणून लिंगावर पाण्याचा अभिषेक करत नाहीत. तिथलं उंच गोपुर कृष्णदेवरायाने १५०९ मध्ये बांधलेलं. वरदराजाकडे मंडपाच्या कोपऱ्याला एकाच दगडातून कोरलेली साखळी लोंबते, ती नक्की बघा. तळ्यातला अत्ति वरदर, म्हणजे चाळीस वर्षांनी एकदा पाण्याबाहेर काढतात ती विष्णूची लाकडी मूर्ती, मात्र २०१९ ला बाहेर आला होता, आता २०५९ ला.

ई-५०१: वरदराजाची इडली विसरू नका. मिरी, जिरं, सुंठ घातलेली, टोपलीत पानं लावून वाफवतात. आपल्या इडलीपेक्षा चव अगदी वेगळी.

ए-१०३: आणि साड्या? दादरला स्वस्त मिळतात म्हणतात सगळे.

सी-२०१: दादरलाही चांगली साडी मिळते, पण काय घेतोय ते कळायला हवं. खऱ्या कांजीवरमची ओळख म्हणजे कोरवई. अंग आणि काठ वेगवेगळ्या रंगांचे, आणि विणतानाच एकमेकांत अडकवलेले. त्यासाठी तीन धोटे, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या नळ्या, लागतात. मागावर विणकराबरोबर दुसरा माणूस बसतो, बहुतेक घरचाच, आणि एका काठाचा धोटा तो फेकतो. तरी वीतभर विणायला किती वेळ जातो ते मी तिथे बसून बघितलंय. अशा साडीचा भाव करताना मला तर बोलवेना.

बी-४०२: काकू, दुकानात हे ओळखायचं कसं?

सी-२०१: साडी उलटी करा. काठ जिथे अंगाला मिळतो, तिथे धागे एकमेकांत अडकलेले दिसतात. मग काठाचा रंग बघा. कोरवईत काठाचा ताणाही (उभा धागा) काठाच्या रंगाचा आणि बाणाही (आडवा धागा), म्हणून रंग स्वच्छ, गडद दिसतो. काठावर अंगाच्या रंगाची झाक मारत असेल, तर अंगाचाच बाणा आरपार गेलाय. ती साडी वाईट नाही, पण तिला कोरवईची किंमत देऊ नका. पदराचा रंग वेगळा असेल तर तिथला जोडही बघा, त्याला पेटणी म्हणतात.

डी-३०४: आणि जरीचं कसं ओळखायचं?

सी-२०१: अस्सल जरीत आत रेशमाचा धागा, त्यावर चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. सुटा धागा हलकेच खरवडला की आतलं लाल रेशीम दिसतं. तांबं दिसलं तर साडी ठेवून द्या. बिलावर जरीचा प्रकार आणि 'हातमाग' असं लिहून घ्या, अस्सल रेशमाची खूण म्हणून सिल्क मार्कचं लेबलही बघा. मी विणकरांच्या सहकारी सोसायटीतून घेतली. गांधी रोडला दुकानं आहेत, पण ड्रायव्हरला विचारू नका, रिक्षाने जा.

बी-४०२: हे आधी कळलं असतं तर! 😔

सी-२०१: तुमची साडी घेऊन या हो घरी, बघू. रंग सुंदर आहे, मी संक्रांतीला पाहिली होती.

ए-१०३: काकू, खूप आभार. पुतणीला हिरवा काठ हवाय, अंग कुंकवाच्या रंगाचं.

सी-२०१: छान दिसेल. दुकानातून मला उलट्या बाजूचा फोटो पाठवा, जोडाच्या जवळून. मी बघून सांगते, पैसे त्यानंतर द्या.