जेम्स राजाच्या राज्याभिषेकाचा लंडनमधील सोहळा : मिरवणूक की नाटक?

रंगवाचक : इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा राज्याभिषेक २५ जुलै १६०३ रोजी झाला, परंतु लंडन शहरातून त्याची मिरवणूक १५ मार्च १६०४ रोजी निघाली. एवढे अंतर का पडले? शिवाय या मिरवणुकीसाठी त्या काळच्या नामवंत नाटककारांनी संवाद लिहिले होते. मग तिला नाट्यप्रयोग म्हणावे का? जाणकारांनी कृपया लिहावे.

जुनी_पाने : विलंबाचे कारण प्लेग. १६०३ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये साथीने थैमान घातले होते, त्यामुळे वेस्टमिन्स्टर ॲबीतील धार्मिक विधी तेवढा उरकून शहरातील सोहळा पुढे ढकलण्यात आला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हा सोहळा राजाने प्रजेसाठी नव्हे, तर शहराने राजासाठी मांडला होता. स्टीफन हॅरिसन या सुतार-कारागिराने आराखडे केलेल्या सात भव्य कमानी शहरातील वाटेवर उभ्या राहिल्या आणि त्यांपैकी एक इटालियन, तर एक डच व्यापाऱ्यांनी उभारली. परदेशी व्यापाऱ्यांना नव्या राजासमोर आपले अस्तित्व ठळकपणे दाखवण्याची याहून चांगली संधी कोणती मिळणार?

पडद्यामागे : माझ्या मते हे निःसंशय नाटकच होते, फरक इतकाच, की येथे प्रेक्षक एका जागी बसलेला नसून मुख्य प्रेक्षक, म्हणजे स्वतः राजा, एका रंगमंचाकडून दुसऱ्याकडे जात होता. फेनचर्च रस्त्यावरील पहिल्याच कमानीच्या माथ्यावर लंडनची घरे, मनोरे आणि चर्चचे कळस यांची प्रतिकृती होती. ती दाट ढगासारख्या रंगवलेल्या रेशमी पडद्याने झाकलेली होती आणि राजा जवळ येताच, जणू सूर्य उगवून धुके विरावे तसा, तो पडदा दूर होईल अशी योजना होती. तेथे बेन जॉन्सनने लिहिलेले शब्द एडवर्ड ॲलेन या त्या काळच्या अत्यंत लोकप्रिय नटाने नगरदेवतेच्या भूमिकेत म्हटले, तर थेम्स नदीची भूमिका एका बालनटाने केली. फ्लीट स्ट्रीटची कमान सुमारे ९० फूट उंच होती आणि तिच्यात चार महाभूतांच्या वेषातील माणसे एक मोठा पृथ्वीगोल फिरवत होती. एका दिवसाच्या प्रयोगासाठी केलेली ही कारागिरी मला त्या काळच्या कोणत्याही नाट्यगृहातील सजावटीहून अधिक धाडसी वाटते.

रंगवाचक : सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. एवढे संवाद राजाने खरोखर ऐकले का?

जुनी_पाने : सगळे नाहीत. याच वाटेवर १५५९ साली राणी पहिली एलिझाबेथ जागोजागी थांबली होती आणि चीपसाइड येथे तिला इंग्रजी बायबल अर्पण केले गेले, तेव्हा तिने ते सर्वांसमक्ष चुंबून हृदयाशी धरले. म्हणजे ती स्वतःच त्या प्रयोगातील पात्र झाली. जेम्सला गर्दीचे असे प्रेम नव्हते. राजाला कंटाळा येऊ नये म्हणून अनेक भाषणे प्रत्यक्षात गाळली गेली, असे सहलेखक टॉमस डेकर याने आपल्या छापील वृत्तांतात नोंदवले आहे. जॉन्सनने स्वतःचा भाग वेगळा छापला. त्यामुळे आज आपल्या हाती असलेली संहिता आणि त्या दिवशी रस्त्यावर झालेला प्रयोग या दोन गोष्टी वेगळ्या धरूनच अभ्यास करावा लागतो.