मदत हवी आहे: स्विफ्टला मागे विंग लावू की नको?

मंडळी, २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, रोज मडगाव-पणजी, स्पीड फार तर ८०. झुआरी पुलावर आडवा वारा लागला की गाडी हलते, म्हणून एका ॲक्सेसरीवाल्याने डिकीवर मोठी विंग सुचवली, म्हणे गाडी रस्त्याला चिकटून बसते. पण डाउनफोर्स (वारा गाडीला खाली दाबतो तो जोर) स्पीडच्या वर्गाने वाढतो ना, म्हणजे १६० ला जेवढा त्याच्या पावच ८० ला, त्यात स्विफ्टला ताकद पुढच्या चाकांना, मग मागे दाबून पुढची ग्रिप कशी वाढणार? आणि आडव्या वाऱ्याचा तर त्याच्याशी संबंधच दिसत नाही. टायरची हवा, अलाइनमेंट, मागचे शॉक ॲब्सॉर्बर सगळं बघून झालं, ओके आहे.

तरी खरं सांगायचं तर दिसायला आवडलीय (बायकोला नाही). पण पत्र्याला भोकं पाडायची नाहीत, आपल्याकडची खारी हवा नि पाऊस, स्क्रूभोवती गंज धरायला कितीसा वेळ. छताच्या कडेला टेपने बसणारा छोटा स्पॉयलर चालेल, बजेट ५ हजार.

कुणी लावलाय का? ८०-१०० ला फरक जाणवतो की नुसता शो? टेप पावसाळा काढते का, आणि विम्याच्या क्लेमला कुणाला अडचण आली का?