मदत हवी आहे: पौलाच्या जहाजाला दोरखंड नेमके कसे आवळले असतील?

नमस्कार मंडळी,

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये'च्या 27व्या अध्यायातल्या जहाजाची सागवानी प्रतिकृती करायला घेतली आहे. ख्रिस्ती प्रेषित पौलाला कैदी म्हणून रोमकडे नेणारे हे आलेक्सांद्रियाचे गव्हाचे जहाज. मुरा बंदरात (आजच्या तुर्कस्तानात) त्याला त्यावर चढवले आणि शेवटी ते माल्टाच्या किनाऱ्याला लागून फुटले. सांगाडा उभा राहिला आहे, काम अडलंय ते एकाच जागी.

क्रीटच्या किनाऱ्याने जाताना ईशान्येचा तुफानी वारा सुटतो. कौदा बेटाच्या आडोशाला खलाशी मागून ओढत आणलेली होडी कशीबशी वर घेतात आणि मग जहाज दोरखंडांनी आवळतात. हे दोर गेले कुठून कुठे?

जेम्स स्मिथने 1848 साली या प्रवासावर पुस्तक लिहिले. त्याच्या मते दोर तळाखालून आडवे घेऊन वर पिळले. दुसऱ्या मताचे अभ्यासक अथेन्सच्या युद्धनौकांकडे बोट दाखवतात. त्यांचे दोर नाळेपासून (जहाजाच्या पुढच्या टोकापासून) मागच्या टोकापर्यंत लांबीने ताणलेले असत, म्हणजे लाटेवर नौका मधोमध मोडू नये.

मला स्मिथचे पटते. युद्धनौका लांब आणि अरुंद, हे जहाज रुंद आणि खोल. त्या काळी भूमध्य समुद्रात आधी फळ्या कडेला कड लावून, आत लाकडी जिभा बसवून कवच तयार करत आणि वांगी, म्हणजे आतल्या आडव्या बरगड्या, नंतर घालत. सायप्रसजवळ 1965 मध्ये सापडलेले कायरेनियाचे जहाज असेच बांधलेले आहे. अशा कवचाचे सांधे ढिले झाले की पाणी आत, आणि भिजलेला गहू फुगून फळ्यांवर आतून दाब. थोडा माल आधी टाकला असला, तरी उरलेला गहू अगदी शेवटच्या पहाटे समुद्रात टाकला, तोवर जहाजाच्या पोटातच होता. अशा वेळी बाहेरून आवळणेच उपयोगाचे. शिवाय होडी आधीच वर घेतली होती, म्हणजे हे काम डेकवरूनच झाले असणार: दोराचा फास नाळेखालून सोडायचा आणि दोन्ही बाजूंनी मागे सरकवत न्यायचा.

बाकीचा तपशील त्या अध्यायातच मिळतो: सुकाणूंचे दोर, पुढचे लहान शीड, आणि 20 वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट), मग 15 वाव पाणी लागल्यावर मागच्या बाजूने टाकलेले चार नांगर.

नौकाबांधणी शिकलेल्यांनी सांगावे, तळाखालून घेतलेला दोर चालत्या जहाजावर जागेवर टिकेल का, आणि किती वेढे लागतील? कोकणातल्या कुणा तांडेलाने किंवा नाखव्याने फळ्या सुटू लागलेले गलबत असे बांधलेले पाहिले असेल, तर ते मला कुठल्याही पुस्तकापेक्षा मोलाचे वाटेल. हाताने काढलेली आकृती असली तरी चालेल.

कठडे अजून चिकटवलेले नाहीत. उत्तर आले की दोरांसाठी त्यात खाचा पाडून घेईन.