मदत हवी आहे: ऑस्ट्रेलियातल्या गावाकडच्या घोडा-ट्रेनरबद्दल

नमस्कार मंडळी,
ऑस्ट्रेलियात गावाकडे शर्यतीचे घोडे तयार करणाऱ्या ट्रेनरांवर लेख लिहितोय. सुरुवात ज्यो जॅनियाकपासून झाली. क्वीनबियनचा हा टॅक्सीचालक रेसकोर्सशेजारी कॅरॅव्हॅनमध्ये राहायचा. त्याने अवघ्या १,२५० डॉलरना घेतलेला 'टेकओव्हर टार्गेट' हा घोडा २००६ मध्ये थेट इंग्लंडमधल्या रॉयल ॲस्कॉटला किंग्ज स्टँड स्टेक्स ही शर्यत जिंकला! पण असं नशीब कितीजणांचं? बाकीच्यांचं रोजचं काय, तेच मला हवंय: पहाटे अंधारात घोडा ट्रॅकवर काढायचा, आल्यावर हात फिरवून पायाच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) गरम तर नाहीत ना बघायचं, मग खरारा, आणि उरलेला दिवस मालकांना फोन.

माझी अडचण अशी. घोडा चमकला की मालक तो शहरातल्या बड्या तबेल्यात हलवतात, असं ऐकतो. २०१८ पासून सिडनीतल्या रँडविक रेसकोर्सवर होणारी 'कोशियुस्को' ही १२०० मीटरची शर्यत गावाकडच्या ट्रेनरांच्याच घोड्यांसाठी आहे. तिच्यामुळे हे थांबलंय का? की बक्षिसातल्या वाट्यापेक्षा महिन्याच्या देखभाल-फीवरच त्यांचं घर चालतं?

तिकडच्या तबेल्यात कुणी काम केलंय का? ऐकीव नको, पाहिलेलं सांगा. मालक फी थकवतो तेव्हा ट्रेनर नेमकं काय करतो?