तांबे आणि नायट्रिक आम्ल: अर्धा ऑक्सिजन गेला कुठे?

गोंधळलेली_आई:
लेकीला समीकरणं शिकवायला बसले आणि स्वतःच अडकले. डावीकडे तांबे आणि विरल (पाण्याने पातळ केलेलं) नायट्रिक आम्ल, एचएनओ३. उजवीकडे कॉपर नायट्रेट, सीयू(एनओ३)२, नायट्रिक ऑक्साइड, एनओ, आणि पाणी. उजवीकडचे नायट्रोजन मोजले, दोन आणि एक तीन, म्हणून डावीकडे आम्लाचे तीन रेणू घेतले. हायड्रोजनसाठी पाणी दीड. आता ऑक्सिजन डावीकडे ९, उजवीकडे साडेआठ! दोनने गुणलं तरी तेच रडगाणं, १८ आणि १७. लेक म्हणते, "सूत्रातला खालचा एखादा आकडा बदलू का?" तेवढं करू दिलं नाही. मागे तिने हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं समीकरण असंच जुळवलं होतं, एच२ओ चं एच२ओ२ करून. अणू जुळले, पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं.

जुना_मास्तर:
ताई, मोजणी बरोबर, सुरुवात चुकली. तांबे एक आणि नायट्रिक ऑक्साइडही एक, हे तुम्ही धरून चाललात. ते प्रमाण इलेक्ट्रॉन ठरवतात. तांब्याचा अणू २ इलेक्ट्रॉन सोडतो. नायट्रोजनचा ऑक्सिडीकरण अंक (इलेक्ट्रॉनांचा हिशेब सांगणारा आकडा) +५ वरून +२ वर येतो, म्हणजे तो ३ घेतो. देणं-घेणं ६ वर फिटतं: तांबे ३, नायट्रिक ऑक्साइड २. आता हे आकडे हलवू नका. कॉपर नायट्रेटही ३, त्यात नायट्रोजन ६. नायट्रिक ऑक्साइडमधले २ धरून ८. म्हणून आम्ल ८, पाणी ४. ऑक्सिजन शेवटी पडताळायला ठेवा: डावीकडे २४, उजवीकडे १८, २ आणि ४. आठातले सहा नायट्रोजन इलेक्ट्रॉनांच्या भानगडीत पडतच नाहीत, नायट्रेट म्हणून जसेच्या तसे राहतात. मीही एकदा इथेच फसलोय, फळ्यावर, भर वर्गात.

क्षयवाला:
इलेक्ट्रॉन नको असतील तर तांबे क्ष, नायट्रिक ऑक्साइड य धरा. आम्ल २क्ष + य, पाणी त्याच्या निम्मं. ऑक्सिजनची बेरीज मांडली की २क्ष = ३य उरतं. झालं.

काचपात्र:
प्रश्नात 'विरल' आहे की 'संहत' (कमी पाण्याचं, तीव्र) ते आधी बघा. संहत आम्लात तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि आकडे बदलतात: तांबे १, आम्ल ४, कॉपर नायट्रेट १, वायू २, पाणी २.

गोंधळलेली_आई:
विरलच आहे. मास्तर, जुळलं! लेकीला मात्र क्ष-य वालं पटलं. संहतचं तिने त्याच रीतीने स्वतः सोडवलं, मला वही हातात घेऊ दिली नाही.