मदत हवी आहे: पचनसंस्थेच्या मॉडेलमध्ये घास पुढे सरकतच नाही!

लेक सातवीत आहे. सोमवारी पचनसंस्थेचं ‘चालतं’ मॉडेल न्यायचंय, हे मला काल रात्री साडेनऊला कळलं. कृपया ओरडू नका, घरात ओरडून झालंय.

पुठ्ठ्यावर माणूस काढलाय. अन्ननलिका म्हणून सायकलची जुनी ट्यूब, २५ सेंमी. जठर म्हणजे फुगा. लहान आतड्यासाठी ६ मीटर सुतळी मोजली, ती दिवाणखान्यातून मोरीपर्यंत गेली. लेक बाबाच्या ढेरीकडे बघून म्हणाली, "तरीच!" मोठं आतडं दीड मीटरच, पण रुंद, म्हणून जाड दोर. यकृत आणि स्वादुपिंड थर्माकोलचे.

अडलंय ट्यूबपाशी. आत साबण लावून कणकेची गोळी सोडली. ट्यूब उभी धरली की गोळी बदकन खाली पडते, आडवी धरून दाबली की मागे पळते. लेकीचं म्हणणं, आडवं पडून घास गिळला तरी पोटात जातोच, म्हणजे तो नुसता पडत नसणार. बरोबर आहे तिचं. मग ढकलतं कोण? आणि उपाशीपोटी कावळे ओरडतात ते कशामुळे?

प्रतिसाद १
लहानपणी पेप्सीकोला खाल्लाय ना, प्लॅस्टिकच्या नळीतला? बर्फ वर आणायला आपण तो खालून चिमटतो. तुम्ही गोळीवरच दाबताय, गोळीच्या मागे दाबा. घासामागचे स्नायू आवळतात, पुढचे सैल पडतात आणि ती लाटच पुढे सरकत जाते. तेव्हा दुसऱ्या हाताची चिमूट बसेपर्यंत पहिली सोडायची नाही, सोडलीत की गोळी मागे आलीच. खरा घास साधारण दहा सेकंदांत जठरात पोचतो. शीर्षासनातही पोचतो, पण लेकीला हे सांगू नका, ती करून बघेल.
फुग्याच्या तोंडाशी सैलसर रबरबँड लावा. तिथे आवळणारा स्नायू असतो. तो नको तेव्हा सैल पडला की आम्ल वर येतं आणि आपण जळजळ म्हणून गोळी शोधतो.

प्रतिसाद २
कावळ्यांचं सांगते. पोट रिकामं असलं की दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत झाडू मारल्यासारखी एक लाट जाते. उरलंसुरलं, पाणी आणि हवा ढकलली जाते, त्याची ती गुडगुड. जेवलात की झाडू बंद. मग लहान आतड्यात घुसळण चालते, अन्न मागेपुढे होतं, कारण रसांकुरांना, म्हणजे आतड्याच्या आतल्या बारीक बोटांसारख्या उंचवट्यांना, शोषून घ्यायला वेळ हवा असतो.
एक शंका. सुतळी यकृतातून ओवली नाहीत ना? अन्न यकृतात किंवा स्वादुपिंडात जातच नाही. त्यांचे रस नळीवाटे लहान आतड्याच्या सुरुवातीला येऊन मिळतात. बहुतेक मॉडेलं इथेच चुकतात.

धागाकर्ती
चिमटीचं जमलं! गोळी आडवी सरकतेय, नवराही येऊन दोनदा सरकवून गेला.
यकृतातून ओवली होती हो. उसवतेय.